फणस बरका निघाला: 'टर्न आउट'विषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिला इंग्रजीच्या वहीत गाळलेली जागा भरायची होती: 'द स्ट्रेंजर ... टू बी हर अंकल.' पर्याय तीन होते, 'टर्न्ड आउट', 'टर्न्ड अप' आणि 'टर्न्ड इन्टू'. तिने 'टर्न्ड इन्टू' लिहिलं. टीचरनी ते खोडून 'टर्न्ड आउट' केलं. 'टर्न' म्हणजे वळणे आणि 'आउट' म्हणजे बाहेर, एवढं मला कळतं. पण अनोळखी माणूस काका असल्याचं समजलं, यात कोण कुठे वळलं आणि कोण बाहेर गेलं? मी पूर्ण शिक्षण मराठीतून घेतलं, त्यामुळे मुलीला समजावताना अडले. (एक वाचक भगिनी, साखळी)

उत्तर : तुम्ही मराठीतून शिकलात म्हणून अडलात असं मला वाटत नाही. याचं उत्तर तुमच्या मराठीतच आहे. हीच हकिगत तुम्ही घरी शेजारणीला कशी सांगाल? 'अगो, तो अनोळखी माणूस तिचा काका निघाला!' झालं. 'निघाला' म्हणजेच 'टर्न्ड आउट'.

आता 'निघणे' या क्रियापदाकडे जरा बघा. म्हापशाहून बस निघते. कपाट आवरताना जुनी पत्रिका निघते. आणि अनोळखी माणूस काका निघतो. पहिल्या दोन वाक्यांत काहीतरी खरोखर बाहेर येतं. तिसऱ्यात माणूस होता तिथेच उभा असतो. बाहेर येते ती त्याच्याबद्दलची खरी गोष्ट, आतापर्यंत झाकून राहिलेली. तुमच्या प्रश्नातलं 'आउट' हेच. मराठी बोलणाऱ्याला ते नव्याने शिकायला लागू नये, आपण ते रोज वापरतो.

मुलीला सांगताना फणसापासून सुरुवात करा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात फणस घरात आला की आधी चर्चा होते, कापा की बरका, म्हणजे गरे कडक की मऊ? कुणी थापट मारून आवाज ऐकतं, कुणी काटे दाबून बघतं, कुणी झाड ओळखीचं आहे म्हणून पैजेवर सांगतं की कापाच आहे. मग खाली वर्तमानपत्र पसरायचं, विळीच्या पात्याला आणि हातांना खोबरेल लावायचं, मधोमध चिरून आतला दांडा, म्हणजे पाव, काढायचा. चीक पुसत पहिला गरा ओढला आणि तो बोटांत मऊ, बुळबुळीत लागला की सगळी म्हणतात, 'बरका निघाला.' तो झाडावर असतानाही बरकाच होता. विळीने त्याला बरका केला नाही. आपल्याला माहीत नव्हतं, उलट आपण कापा धरून चाललो होतो, आणि आता उघड झालं. इंग्रजीत 'द जॅकफ्रूट टर्न्ड आउट टू बी द सॉफ्ट काइंड.' गोष्ट आधीपासून तशीच होती, कुणाला तरी ती ठाऊक नव्हती, आता ती समोर आली: हे तिन्ही जिथे जुळतं तिथे 'टर्न आउट' बिनधास्त वापरावं.

'टर्न इन्टू'मध्ये मात्र वस्तूच बदलते. 'द मिल्क टर्न्ड इन्टू कर्ड', दुधाचं दही झालं. 'द स्ट्रेंजर टर्न्ड इन्टू हर अंकल' असं म्हटलं तर जादूच्या गोष्टीतल्यासारखा एका माणसाचा दुसरा माणूस झाला असा अर्थ होईल. शिवाय 'इन्टू'च्या पुढे सरळ नाम येतं, 'टू बी' येत नाही. गाळलेल्या जागेपुढे 'टू बी' दिसलं की तो पर्याय तिथेच बाद. 'टर्न अप' म्हणजे येऊन हजर होणे, त्याबद्दल खाली तिसऱ्या पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे.

दुधाचीच आणखी एक जोडी मुलीला द्या, कारण परीक्षेत याच ठिकाणी गुण जातात. 'द मिल्क टर्न्ड सावर' आणि 'द मिल्क टर्न्ड आउट टू बी सावर'. पहिलं म्हणजे दूध आंबलं. दुपारच्या उकाड्यात ते बाहेर राहिलं आणि बदललं, ही दुधाची हकिगत झाली. दुसरं म्हणजे दूध आंबलेलं निघालं. इथे कुणीतरी चहा टाकलेला आहे, पाहुणे बसलेले आहेत, आणि दूध ओतल्यावर ते फाटलेलं दिसतं. दूध कधी आंबलं याच्याशी या वाक्याला कर्तव्य नाही. एका 'आउट'ने वाक्यात एक माणूस आणि त्याची चुकलेली अपेक्षा येऊन बसते. मला या शब्दाचं फार अप्रूप वाटतं ते यासाठी.

मी फोंड्याला हायस्कूलमध्ये अनेक वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि मराठी व कोंकणी घरातल्या मुलांच्या पेपरांत एक वाक्य हमखास यायचं: 'द न्यूज केम आउट टू बी फॉल्स.' मूल मनात 'बातमी खोटी निघाली' म्हणतं, 'निघाली'साठी हाताशी असलेलं 'केम आउट' उचलतं आणि लिहून मोकळं होतं. त्या मुलाचा विचार शंभर टक्के बरोबर आहे, फक्त इंग्रजीने या कामासाठी दुसरं क्रियापद ठेवलं आहे. 'कम आउट' सूर्य ढगाआडून येतो तेव्हा, पुस्तक प्रसिद्ध होतं तेव्हा, दहावीचा निकाल लागतो तेव्हा. 'द रिझल्ट्स केम आउट' म्हणजे निकाल जाहीर झाले. 'द रिझल्ट्स टर्न्ड आउट बेटर दॅन वी होप्ड' म्हणजे वाटलं होतं त्याहून चांगले लागले. फोटोंच्या बाबतीत दोन्ही चालतात, 'द फोटोज केम आउट वेल' आणि 'टर्न्ड आउट वेल'. पण बातमी खोटी निघण्याला 'टर्न्ड आउट टू बी फॉल्स' असंच लिहायला हवं.

बऱ्याच गाइडांत 'टर्न आउट'समोर 'सिद्ध होणे' असा अर्थ छापलेला असतो. माझा त्याला विरोध आहे. फणस बरका सिद्ध झाला असं कुणाच्या घरात म्हणतात? मूल तो अर्थ पाठ करतं आणि वापरायच्या वेळी त्याला काहीच आठवत नाही, कारण 'सिद्ध होणे' त्याच्या तोंडातलंच नाही. आपल्याकडे 'ठरणे' आणि 'निघणे' असे दोन शब्द आहेत आणि इंग्रजीतही जवळजवळ तशीच जोडी आहे. 'औषध उपयोगी ठरलं' म्हणजे 'द मेडिसिन प्रूव्ह्ड यूजफुल'. 'औषध जुनं निघालं' म्हणजे 'द मेडिसिन टर्न्ड आउट टू बी ओल्ड'. ठरण्यासाठी काही काळ जावा लागतो, अनुभव घ्यावा लागतो. निघण्यासाठी बाटलीवरची तारीख एकदा बघितली की पुरे. इंग्रजीत या दोघांची सीमा इतकी कडक नाही, पुष्कळ ठिकाणी एकाच्या जागी दुसरं चालतं. पण मुलीने मराठीचा हा कान वापरला तर दहापैकी नऊ वेळा ती बरोबर शब्द निवडेल.

आता तुमचं 'वळणे'. 'टर्न'चं मूळ लॅटिन 'तोर्नारे'मध्ये आहे, आणि त्याच्याही मागे ग्रीक 'तोर्नोस'मध्ये. तोर्नोस म्हणजे लाकूड फिरवून त्याला गोल आकार देण्याचं साधन, आजच्या भाषेत लेथ. आयटीआयमध्ये फिटरच्या शेजारी 'टर्नर' नावाचा ट्रेड असतो तो याच अर्थाने. फिरत्या लाकडावर पटाशी टेकवून घडवलेल्या खांबाला मराठीत 'कातीव' खांब म्हणतात, आणि इंग्रजीत घाटदार वाक्याला 'वेल टर्न्ड फ्रेज' म्हणतात. आपल्याकडे कुंकळ्ळीचे चितारी कारागीर लाकूड असंच फिरवून त्यावर लाखेचे रंग चढवत आले आहेत, पाळणे, पाट, खेळणी. अशा कारखान्यातून माल तयार होऊन बाहेर पडतो त्यालाही 'टर्न आउट' म्हणतात: 'द वर्कशॉप टर्न्स आउट क्रेडल्स.' काका निघण्याचा अर्थ थेट लेथवरून आला असं मी म्हणत नाही. पण 'टर्न' म्हणजे रस्त्यावरचं वळण एवढंच डोक्यात असलं तर या शब्दाचा अर्धा संसार दिसत नाही.

वाक्यरचना थोडक्यात सांगते. पुढे विशेषण असेल तर 'टू बी' गाळता येतं: 'द रूमर टर्न्ड आउट फॉल्स' चालतं. 'अ थीफ', 'हर अंकल' असं नाम असेल तर 'टू बी' ठेवावं. दुसरं क्रियापदही येतं: 'ही टर्न्ड आउट टू नो कोंकणी', त्याला कोंकणी येत असल्याचं निघालं. आधी होऊन गेलेल्या गोष्टीला 'टू हॅव': 'शी टर्न्ड आउट टू हॅव स्टडीड इन धारवाड.' आणि पूर्ण हकिगतच सांगायची असेल तर 'इट टर्न्ड आउट दॅट', म्हणजे आपलं 'झालं होतं असं की'. आत्ताच कळलेली ताजी गोष्ट सांगताना हेच वर्तमानकाळात म्हणतात, 'इट टर्न्स आउट दॅट'. मागे घडलेली गोष्ट आज कळली असेल तर मागच्या भागाचा भूतकाळ तसाच राहतो: 'इट टर्न्स आउट दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड येस्टरडे.'

प्रश्न : मी मडगावला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. निबंधात मी 'इट वॉज टर्न्ड आउट दॅट द लेटर वॉज फेक' असं लिहिलं, प्राध्यापकांनी 'वॉज'वर लाल गोल केला. 'इट वॉज फाउंड दॅट' चालतं, मग हे का नाही?

उत्तर : तुझा तर्क चांगला आहे, पण दोन क्रियापदांचा स्वभाव वेगळा आहे. 'फाइंड'ला कर्म असतं. कुणीतरी काहीतरी शोधतं, म्हणून त्याचं 'वॉज फाउंड' करता येतं. 'निघणे'च्या अर्थाच्या 'टर्न आउट'ला कर्मच नाही. 'पत्र बनावट निघालं' याचं मराठीत 'पत्र बनावट निघालं गेलं' करून बघ, लगेच कानाला खुपेल. म्हणून 'इट टर्न्ड आउट दॅट द लेटर वॉज फेक', किंवा आणखी सुटसुटीत, 'द लेटर टर्न्ड आउट टू बी फेक'.

पण 'वॉज टर्न्ड आउट' हे इंग्रजीत कधीच नसतं असं मात्र लिहून ठेवू नकोस. ते असतं आणि त्याचा अर्थ फार जड आहे: बाहेर काढलं गेलं, घरातून हाकललं गेलं. 'द फॅमिली वॉज टर्न्ड आउट ऑफ देअर होम.' गोव्यात हे वाक्य कुणाला समजावून सांगायला नको. भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या घर करून राहिलेल्या मुंडकाराला हीच भीती असायची, भाटकाराची मर्जी फिरली की चंबूगबाळं आवरा. १९७५ साली गोवा, दमण आणि दीवसाठी मुंडकारांना बेदखल होण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. कायद्याच्या इंग्रजीत त्यासाठी 'इव्हिक्शन' हा शब्द आहे. तोच प्रसंग साध्या माणसाने साध्या इंग्रजीत सांगितला तर तो 'वी वेअर टर्न्ड आउट' म्हणेल. इथे कर्म आहे, कुणीतरी कुणाला तरी काढतं, म्हणून कर्मणी प्रयोग बसतो.

म्हणजे एक 'वॉज' घातला की अर्थ पार बदलतो. 'ही टर्न्ड आउट टू बी अ टेनंट' म्हणजे तो भाडेकरू निघाला. 'ही वॉज टर्न्ड आउट' म्हणजे त्याला घराबाहेर काढलं. तुझ्या प्राध्यापकांनी काढलेला गोल योग्य जागी आहे.

प्रश्न : आमच्या पेडण्याकडच्या गावात जत्रेला दरवर्षी गावचीच मंडळी मराठी नाटक करतात. या वर्षी मुंबईस्थित देणगीदारांना इंग्रजीत अहवाल पाठवायचा आहे. 'प्रेक्षक मोठ्या संख्येने आले' यासाठी एकाने 'टर्न्ड अप' सुचवलं, दुसऱ्याने 'टर्न्ड आउट'. दोघेही हट्टाला पेटले आहेत. (सचिव, एक नाट्यमंडळ)

उत्तर : अहवालात 'टर्न्ड आउट' लिहा: 'पीपल टर्न्ड आउट इन लार्ज नंबर्स.' एखाद्या कार्यासाठी लोक आपापल्या घरांतून बाहेर पडून जमतात, ते 'टर्न आउट'. त्यात संख्या आहे, उत्साह आहे, गाव लोटलं ही भावना आहे. तुमच्या जत्रेच्या रात्री पालखी झाल्यावर मांडवात सतरंज्या अंथरून म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या मुलांपर्यंत सगळे पहाटेपर्यंत बसतात, त्या दृश्याला हाच शब्द शोभतो. गावागावांतल्या या नाटकांनी गोव्यात मराठी जिवंत ठेवली आहे. देणगीदारांना ते चित्र नीट दिसायला हवं.

'टर्न अप' म्हणजे येऊन ठेपणे, उगवणे. बहुधा एकटादुकटा माणूस, बहुधा उशिरा किंवा अनपेक्षित: 'द हार्मोनियम प्लेअर टर्न्ड अप ॲट मिडनाइट.' हरवलेली वस्तू सापडली तरी 'इट टर्न्ड अप'. प्रेक्षकांबद्दल 'टर्न्ड अप' म्हणणं चूक नाही, बोलताना पुष्कळ लोक म्हणतात. म्हणून तुमच्या पहिल्या मित्रालाही अगदी खोटं पाडू नका. पण त्यात 'आले एकदाचे' असा सूर डोकावू शकतो, आणि अहवालात तो नको.

या 'टर्न आउट'चं नाम 'टर्नआउट', एकत्र लिहिलेलं. निवडणुकीच्या बातम्यांत तुम्ही ते वाचता. गोव्याच्या इतिहासातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, मतदानात एका बाजूची खूण फूल, दुसऱ्या बाजूची दोन पानं. मतदार ३,८८,४३२ होते आणि मतं पडली ३,१७,६३३, म्हणजे टर्नआउट ८१ टक्क्यांहून जास्त. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं आली. त्या दिवसाबद्दल इंग्रजीत दोन्ही 'टर्न आउट' एकाच परिच्छेदात वापरता येतील. लोक 'टर्न्ड आउट', म्हणजे घराबाहेर पडून केंद्रावर गेले. आणि पेट्या उघडल्यावर निकाल बऱ्याच जणांच्या अंदाजाहून वेगळा 'टर्न्ड आउट', म्हणजे निघाला. मराठीवर प्रेम करणाऱ्या गोवेकरांच्या घरांत त्या निकालाची चर्चा दोन्ही बाजूंनी झाली आहे, आमच्याही घरात झाली. कौल कुठल्याही बाजूला गेला असता तरी इतक्या लोकांनी बाहेर पडून तो दिला, याचा मला अभिमान आहे.

उच्चारातला एक भेद अहवाल वाचून दाखवताना उपयोगी पडेल. क्रियापद असताना जोर 'आउट'वर येतो, नाम असताना 'टर्न'वर. 'दे टर्न्ड आउट' म्हणताना शेवटावर आवाज चढवा, 'द टर्नआउट' म्हणताना सुरुवातीला.

प्रश्न : मी वास्कोत जहाजांची कागदपत्रं बघणाऱ्या एका कार्यालयात नव्याने लागलो आहे. दिवसभर 'टर्नअराउंड टाइम' ऐकतो. साहेब एकदा म्हणाले, 'कंपनीचं टर्नअराउंड व्हायला हवं.' हे दोन्ही एकच का? (एक तरुण वाचक)

उत्तर : शब्द एक, कामं दोन. जहाजाच्या बाबतीत 'टर्नअराउंड टाइम' म्हणजे ते बंदरात आल्यापासून माल उतरवून किंवा भरून बंदर सोडेपर्यंतचा वेळ. धक्का रिकामा नसला तर बाहेर नांगर टाकून थांबलेला वेळही त्यात येतो, त्यामुळे तुमच्याकडे या आकड्यावरून एवढी धावपळ चालते. मुरगाव देशातल्या प्रमुख बंदरांत आहे, आणि लोहखनिजाच्या भरभराटीच्या काळात तिथला सगळा हिशेब या वेळेवर चाले. खाणींवरचं खनिज बार्जींमधून मांडवी आणि झुआरीतून खाली यायचं. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी समुद्र खवळला की मांडवीतल्या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरून मुरगावला जायच्या. बार्ज भरली, रिकामी झाली, परत वर जाऊन पुन्हा भरायला उभी राहिली, की तिची एक फेरी पुरी झाली. गेली, रिकामी झाली आणि तोंड फिरवून पुढच्या खेपेला सज्ज झाली, हे 'टर्नअराउंड'चं मूळ चित्र. दाबोळीला विमान उतरतं, प्रवासी उतरतात, नवे चढतात आणि ते पुन्हा उडतं, तिथेही हाच शब्द.

तुमच्या साहेबांचं 'टर्नअराउंड' म्हणजे तोट्यातून नफ्याकडे फिरणं. क्रियापद म्हणून तोडून लिहायचं आणि कर्म मध्ये घालायचं: 'शी टर्न्ड द कंपनी अराउंड.' ब्रिटिश पद्धतीच्या कागदपत्रांत 'अराउंड'च्या जागी 'राउंड' दिसेल, गोंधळू नका.

बोलण्यातला एक तिसरा वापरही तुमच्या कानावर येईल: 'ही टर्न्ड अराउंड अँड सेड नो.' इथे कुणी पाठ फिरवत नाही. काल हो म्हणाला होता आणि आज उलटून नाही म्हणाला, ही बोलणाऱ्याची तक्रार आहे. पक्षकाराला पाठवायच्या पत्रात ती लिहू नका.

प्रश्न : नोकरीसाठी केलेला माझा अर्ज नामंजूर झाला. 'माय ॲप्लिकेशन वॉज टर्न्ड डाउन' हे लिहिणं असभ्य आहे का? आणि मी स्वतः एखाद्या समारंभाचं निमंत्रण नाकारताना हेच वापरू का? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : पहिलं अगदी सभ्य आहे. 'रिजेक्टेड'पेक्षा ते सौम्यही वाटतं. पुढच्या अर्जात जुन्या नकाराचा उल्लेख करायची वेळ आली तर तेच लिहा.

निमंत्रणाच्या उत्तरात मात्र नको. 'आय टर्न डाउन युअर इन्व्हिटेशन' म्हणजे यजमानाच्या तोंडावर 'तुमचं निमंत्रण नाकारतो' म्हणणं. आपण मराठीत 'येणं जमत नाही, क्षमस्व' लिहितो, तसं इंग्रजीत 'आय रिग्रेट दॅट आय कॅनॉट अटेंड' लिहा. झालेल्या गोष्टीबद्दल तिसऱ्याशी बोलताना 'आय टर्न्ड इट डाउन' चालतं, स्थळ नाकारलं, नोकरी नाकारली, काहीही. 'इट' मध्येच यायला हवा. 'टर्न्ड डाउन इट' असं कधीही होत नाही, आणि शेजारच्या घरातला लाउडस्पीकर कमी करायला सांगतानाही 'टर्न इट डाउन'च.

प्रश्न : माझा नातू बेंगळुरूहून सुट्टीला आला की 'टर्न आउट द लाइट' म्हणतो. आम्ही आयुष्यभर 'टर्न ऑफ' म्हणत आलो, घरातली सून 'क्लोज द लाइट' म्हणते. तिघांत बरोबर कोण? (एक ज्येष्ठ वाचक, डिचोली)

उत्तर : तुम्ही आणि नातू, दोघेही. सूनबाईंचं वाक्य मराठीतल्या 'दिवा बंद कर'वरून सरळ उतरलेलं आहे. त्यांचा अर्थ घरात सगळ्यांना कळतो, पण इंग्रजीत 'क्लोज' दाराला, खिडकीला, पुस्तकाला. त्यांना 'स्विच ऑफ' सांगा, तो शब्द तोंडात चटकन बसतो आणि बटण असलेल्या प्रत्येक वस्तूला चालतो. नळाला तेवढं 'टर्न ऑफ' हवं, त्याला बटण नसतं. नातवाच्या 'टर्न आउट'ला मात्र मर्यादा आहे. ते दिव्याला चालतं, पंख्याला किंवा टीव्हीला चालत नाही. त्याने कधी 'टर्न आउट द फॅन' म्हटलं तर तेवढं तुम्ही सुधारा.